‘ही गिटार ब्लाइंड विली मॅकटेलने वाजवली होती’ हे सिद्ध कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अटलांटात राहता. शेजारचे वयस्कर आजोबा घर विकून मुलीकडे राहायला निघाले आहेत. त्यांच्या सामानाच्या विक्रीत तुम्ही बारा तारांची जुनी ‘स्टेला’ गिटार ४०० डॉलरला घेतली. आजोबा सांगतात, त्यांचे वडील पाँस डी लिऑन अव्हेन्यूवरच्या ‘पिग अँड व्हिसल’ या बार्बेक्यूच्या हॉटेलात गाड्यांपर्यंत खाणं पोचवायचं काम करायचे, तिथे ब्लाइंड विली मॅकटेल हा अंध ब्लूज गायक आणि बारातारी वाजवणारा गिटारवादक गायला यायचा आणि त्याने ही गिटार वाजवली आहे. आता तुम्हाला विचारायचंय की ही खरी का, किंमत किती येईल, वाजवण्याजोगी करून घ्यावी का, आणि डिसेंबरात पुण्याला नेऊन ओळखीच्या कारागिराकडून पॉलिश करून आणावी का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण तिकीट काढून झालं असेल. पॉलिश नको. अजिबात नको. बाकीचं सावकाश बोलू.

‘खरी का’ यात दोन प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सुटे करू. गिटार त्या काळातली आहे का, हा एक. ती मॅकटेलच्या हातात होती का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गिटार स्वतः देते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात देते. दुसऱ्याचं उत्तर गिटार कधीच देत नाही. ते कागद, फोटो आणि माणसं देतात. मी बरीच वर्षं इथे अमेरिकेच्या दक्षिणेत जुनी तंतुवाद्यं दुरुस्त करतो. ‘अमक्याने वाजवलेली’ म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या गिटारींपैकी बऱ्याच पहिल्याच परीक्षेत गळतात, त्यामुळे सुरुवात तिथून करायची.

‘स्टेला’ हे नाव दोन वेगवेगळ्या कारखान्यांनी वापरलं. मूळ स्टेला ऑस्कर श्मिट कंपनीची, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीची. (हो, तीच जर्सी सिटी, जिथे आज आपली बरीच मंडळी राहतात.) १९२० आणि ३० च्या दशकांत दक्षिणेतल्या गरीब वादकांच्या हातात ज्या गिटारी दिसतात, त्यांतल्या पुष्कळ या कारखान्याच्या. १९३९ मध्ये शिकागोच्या हार्मनी कंपनीने हे नाव विकत घेतलं आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत ढिगाने स्टेला काढल्या. साठच्या दशकात लोकसंगीताची लाट आली तेव्हा बारा तारांच्याही काढल्या. अडगळीतून निघणारी बारा तारांची स्टेला बहुतेकदा या शेवटच्या खेपेतली असते.

म्हणून आधी हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असतात तो वरचा भाग, बघा. त्यावर नावाजवळ ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ (पोलादाने बळकट केलेली मान) अशी अक्षरं असतील तर ती हार्मनीची, पुढे वाद नाही. मग साउंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून, आत बघा. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आणि एक बारीक एलईडी दिवा पुरतो. हार्मनीच्या गिटारींत आतल्या लाकडावर पुष्कळदा शाईचा शिक्का असतो: एस किंवा एफ हे अक्षर आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. शिक्का पुसट असतो, दिवा तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. कडांवरची पांढरी पट्टी वेगळी बसवलेली आहे की नुसती रंगाने ओढलेली, तेही नखाने चाचपून बघा. रंगाची असेल तर स्वस्तातला माल आहे, बहुधा हार्मनीचा.

आतल्या आधारपट्ट्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या दिसतील. स्वस्त गिटारींत दोन्ही कारखाने तशाच लावायचे, त्यामुळे त्यांवरून कारखाना ठरत नाही. बारा तारांच्या जुन्या श्मिटची एक खूण मात्र सहज मोजता येते. नटपासून (हेडस्टॉकजवळची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (नेकवरची धातूची आडवी पट्टी) अंतर मोजा आणि दुप्पट करा. साडेसव्वीस इंचांच्या आसपास आलं तर कान टवकारा. मार्टिनची लांब मापाची गिटार साधारण २५.४ इंच असते, गिब्सनच्या बऱ्याच गिटारी पावणेपंचवीस. बारा तारा खालच्या सुरात लावूनही सैल पडू नयेत म्हणून श्मिटने ही लांबी ठेवली होती.

माझ्याकडे एकदा ‘लेडबेलीची’ म्हणून एक बारातारी आली होती. (लेडबेली हाही बारातारीवर गाणारा नावाजलेला गायक.) सोबत आजीच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, त्यावर त्याचं नाव. आतला शिक्का साठच्या दशकातला निघाला. लेडबेली डिसेंबर १९४९ मध्ये न्यूयॉर्कला वारला. आजी खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. घरात दोन गिटारी असतील, एक गेली असेल आणि गोष्ट उरलेल्या गिटारीला चिकटली असेल. असं फार होतं.

तुमच्या बाबतीत तारखांचा हिशेब थोडा सैल आहे. मॅकटेलने १९२७ पासून ध्वनिमुद्रणं केली, शेवटचं १९५६ मध्ये, आणि ऑगस्ट १९५९ मध्ये तो जॉर्जियातल्या मिलेजव्हिलच्या सरकारी रुग्णालयात वारला. त्यामुळे गिटार हार्मनीची निघाली म्हणून आजोबांची गोष्ट लगेच खोटी ठरत नाही. शिक्का चाळीसच्या किंवा पन्नासच्या दशकातला असेल तर शक्यता उरते. साठनंतरचा असेल तर विषय तिथेच संपला, आणि तुमच्याकडे ४०० डॉलरची, वाजवायला मजा येणारी एक गिटार आहे.

अजून दोन बारीक तपासण्या. खुंट्यांचे आणि टेलपीसचे (तारांची खालची टोकं अडकतात तो धातूचा भाग) स्क्रू बघा. फिलिप्स, म्हणजे अधिकच्या खुणेचे स्क्रू तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात चालू झाले. १९२८ ची म्हणून सांगितलेल्या गिटारीवर ते असतील तर निदान तेवढा भाग तरी बदललेला आहे. दुसरं, अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून बघा. नंतर मारलेला लॅकरचा हात, चिकटवलेली भेग, बदललेला ब्रिज (वरच्या फळीवरचा, तारा टेकतात तो लाकडी तुकडा) हे सगळं आजूबाजूच्या जुन्या थरापेक्षा वेगळ्या रंगात उठून दिसतं. बदल निघाले म्हणून घाबरू नका. रोज राबलेल्या गिटारीत दुरुस्त्या असायच्याच. कुठे काय झालंय ते वहीत लिहून ठेवा, इतकंच.

आणि आतली धूळ झटकू नका. व्हॅक्युम तर लावूच नका. धुळीच्या त्या गोळ्यांत तार छेडायच्या तुटक्या चकत्या, बटणं, कागदाचे कपटे निघतात. एका गिटारीत मला दुकानाच्या पावतीचा तुकडा सापडला होता आणि तिचं वय त्यावरून ठरलं.

आता दुसरा, खरा अवघड प्रश्न. ‘वाजवली’ म्हणजे नेमकं काय? स्वतःची होती आणि तिच्यावर ध्वनिमुद्रण झालं, ही वरची पायरी. स्वतःची होती, पण ध्वनिमुद्रणाशी संबंध लावता येत नाही, ही त्याखालची. कुणाच्या घरी एका संध्याकाळी हातात घेऊन दोन गाणी वाजवली, ही तळाची. तुम्ही लिहिलंय त्यावरून आजोबांची गोष्ट तळाच्या पायरीवरची असावी, कारण गिटार त्यांच्या वडिलांकडेच राहिली. मॅकटेलकडून ती वडिलांनी विकत घेतली किंवा उसनवारीत ठेवून घेतली असेल, तर ती वर सरकते. हे तुम्ही विचारलंय का? मला वाटतं, नाही.

मोठ्या किमती कुठे मिळतात ते बघितलं की हा फरक ध्यानात येईल. एरिक क्लॅप्टनची १९३९ ची मार्टिन ००० - ४२ न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज या लिलावगृहात २००४ साली ७,९१,५०० डॉलरला गेली. विकणारा क्लॅप्टन स्वतः होता आणि ती गिटार वाजवताना त्याला जगाने टीव्हीवर पाहिलं होतं. बी. बी. किंगची एक ‘लुसिल’ (आपल्या गिटारींना तो हेच नाव द्यायचा) २०१९ मध्ये २,८०,००० डॉलरला विकली गेली, तीही त्याच्याच मागे राहिलेल्या चीजवस्तूंतून. दोन्हीकडे वादकापासून लिलावापर्यंतची साखळी कुठे तुटत नाही. याउलट रॉबर्ट जॉन्सन घ्या. दोन वर्षांत २९ गाणी मुद्रित करून १९३८ मध्ये गेलेला माणूस, ब्लूजमधलं बहुधा सगळ्यात मोठं नाव. त्याचे फोटो मोजकेच. मेम्फिसच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोत त्याच्या हातात गिब्सन एल - १ आहे, तरी ती त्याची स्वतःची की फोटोपुरती हातात घेतलेली, यावर जाणकार अजून भांडतात. फोटो असूनही ही गत, तर नुसत्या आठवणीचं बाजार काय करेल याचा अंदाज बांधा.

मॅकटेलच्या बाबतीत एक चांगली सोय आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये लोकगीतं गोळा करणारे जॉन लोमॅक्स यांनी अटलांटातल्या एका हॉटेलच्या खोलीत लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी त्याला ध्वनिमुद्रित केलं आणि त्यांच्या पत्नी रूबी लोमॅक्स यांनी बारा तारांच्या गिटारीसह त्याचा फोटो काढला. तो लायब्ररीच्या संग्रहात आहे. त्यांच्याकडे मिळेल तितकी मोठी प्रत घ्या आणि तुमची गिटार त्याच कोनातून, साधारण तशाच उजेडात काढून शेजारी ठेवा. गिटारीच्या अंगाचा आकार, टेलपीस, ब्रिज, साउंडहोलभोवतीची नक्षी आधी जुळवा. ते जुळलं तरच स्प्रूसच्या, म्हणजे वरच्या फळीच्या लाकडाच्या, रेषांकडे वळा. वरच्या फळीतल्या रेषांची दाटी आणि त्यांतली वळणं दोन गिटारींत सारखी नसतात. ओरखडे बोलतात, पण एकाच बाजूने: १९४० च्या फोटोत दिसणारा खोल ओरखडा तुमच्या गिटारीवर नसेल आणि वरचा थर मूळचाच असेल, तर ही ती गिटार नाही. तुमच्या गिटारीवर जास्तीचे ओरखडे असतील तर त्याने काही बिघडत नाही, ते नंतरचे.

फोटो जुळला नाही तरी दावा पडत नाही, कारण या माणसाने आयुष्यभरात एकच गिटार वाजवली असं थोडंच आहे. जुळला तर मात्र मला लगेच कळवा!

कागद शोधताना एक लक्षात ठेवा. मॅकटेल एका नावाने वावरत नव्हता. करार एका रेकॉर्ड कंपनीशी असताना दुसरीसाठी गायचं म्हणून तो कोलंबियासाठी ‘ब्लाइंड सॅमी’ झाला, ओकेसाठी ‘जॉर्जिया बिल’, अटलांटिकसाठी ‘बॅरलहाऊस सॅमी’ आणि रीगलसाठी चक्क ‘पिग अँड व्हिसल रेड’. शेजारच्या आजोबांचे वडील कामाला होते, ते हॉटेल हेच! त्याचं मूळ आडनावही मॅकटियर, आणि जॉर्जियातल्या थॉमसन गावाजवळच्या त्याच्या कबरीवर आधी जो दगड होता त्यावर ‘एडी मॅकटियर’ असं कोरलेलं होतं. तेव्हा वडिलांच्या पेटीत एखादं पत्र, पाकीट, फोटोमागची ओळ मिळाली आणि त्यात ‘मॅकटेल’ दिसलं नाही, तर फेकू नका. सॅमी, रेड, बिल, यांपैकी काय आहे ते बघा. ‘रेड’चा उल्लेख असलेला एखादा जुना फोटो मला ‘मॅकटेल’ लिहिलेल्या नव्या कोऱ्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त पटेल.

आजोबांची गोष्ट माहीत असलेल्या इतिहासाशी जुळते, हे खरंच. मॅकटेल तिथे गाड्यांमधल्या गिऱ्हाइकांसाठी गायचा हे सर्वांना ठाऊक आहे. पण अडचणही तिथेच आहे. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कुणीही नंतर ऐकून आपल्या आठवणीत मिसळू शकतो, तेही अगदी प्रामाणिकपणे. म्हणून पुस्तकांत नसलेलं विचारा. वडिलांचं त्या हॉटेलातलं काम कोणत्या वर्षी सुरू झालं, कधी सुटलं? गिटार घरात कधीपासून आहे, आधी कुठे टांगलेली असायची, कोण वाजवायचं? घरातल्या आणखी कुणी ही गोष्ट वडिलांच्या तोंडून ऐकली आहे का? प्रश्नात मॅकटेलचं नाव तुम्ही आधी घेऊ नका, बारा तारांचा विषयही तुम्ही काढू नका. त्यांना सांगू द्या. आणि त्यांच्या मुलीशी वेगळं बोला. दोघांच्या सांगण्यात थोडा फरक निघाला तर उलट बरं. शब्दन् शब्द सारखा असेल तर मला ते पाठ केलेलं वाटतं. मग हे सगळं लिहून, नोटरीसमोर सही करून घ्या, तेही गिटारीचे फोटो आणि आतल्या खुणांसकट, म्हणजे उद्या ‘कुठली गिटार?’ असं कुणी विचारणार नाही.

दुरुस्तीचं सांगतो. तुम्ही लिहिलंय की तारा बाराव्या फ्रेटवर खूप उंच आहेत आणि ब्रिजमागचा भाग फुगलाय. या वयाच्या, ट्रस रॉड (नेकमधली, कोन सांभाळणारी धातूची सळई) नसलेल्या गिटारीत हे व्हायचंच. आजच करायचं काम एकच: तारा सैल करा, एकदम काढू नका. हलक्या तारांचा बारा तारांचा संच आजच्या सुराला लावला की एकूण ताण १०० किलोच्या वर जातो. सहा तारांच्या गिटारीवर तो ७०-७५ किलो असतो. ही गिटार त्या ताणासाठी बांधलेलीच नाही. लेडबेलीसुद्धा आपली बारातारी आजच्या सुरापेक्षा बरीच खाली लावायचा. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे त्याच तारा दोन पूर्ण स्वर खाली उतरवल्या की एक तृतीयांशाहून जास्त ताण कमी होतो. जुनी बारातारी वाजवायची तर अशीच वाजवावी, आणि आवाजही तसाच भरदार लागतो.

पुढची मोठी कामं म्हणजे सुटलेल्या आधारपट्ट्या चिकटवणं आणि नेक काढून कोन सुधारून परत बसवणं. ती फोटोंची जुळवाजुळव आणि आजोबांचा जबाब झाल्यावरच करायची. नेक उघडताना सांध्यात वाफ सोडावी लागते आणि जवळच्या मूळ थराला ती थोडीफार लागतेच. काम करणारा असा बघा, जो सरसाने चिकटवतो. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने परत सुटतो, इपॉक्सी सुटत नाही. काढलेला प्रत्येक भाग, मोडकी खुंटी आणि गंजकी तारसुद्धा, पिशवीत घालून तारखेसह परत मागा. तो ‘कशाला, कचरा आहे’ म्हणाला तर गिटार घेऊन घरी या.

पॉलिशचा राग एवढ्यासाठी की ते जुन्या मूर्तीवर ऑइलपेंटचा हात मारण्यासारखं आहे. मिरजेच्या सतारमेकरांकडे चपडीचं (लाखेच्या पॉलिशचं) काम उत्तम होतं आणि तुमच्या पुण्याच्या कारागिराच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मूळ थर घासला की त्याबरोबर फोटोशी जुळवायचे ओरखडे गेले, वयाची खूण गेली, आणि जुन्या गिटारींच्या बाजारात साधारण अर्धी किंमतही गेली. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, फार तर किंचित ओलसर फडक्याने. लिंबाच्या तेलाच्या बाटल्या मिळतात, त्या फर्निचरला ठेवा.

पुण्याला नुसती वाजवायला न्यायची तरी घाई नको. डिसेंबरातली कोरडी हवा, विमानाच्या पोटातली थंडी आणि सुटत आलेला सरस हे एकत्र आलं की भेग ठरलेली. घरी आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवा, हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो. शिवाय कायद्याची बाब आहे. बर्च, महोगनी, स्प्रूस असेल तर काळजी नाही. फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटं दाबायची फळी) किंवा ब्रिज ब्राझिलियन रोझवूडचा निघाला तर ते लाकूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे आणि सीमा ओलांडायला अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी खात्याचा परवाना लागतो. आपल्या शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ पासून सूट आहे, ती याला लागू नाही. कुठे हस्तिदंत किंवा कासवाचं कवच दिसलं तरी तोच नियम.

किंमत? हार्मनीची असेल तर काहीशे डॉलर. ऑस्कर श्मिटची बारातारी, मूळ थरासह, असेल तर काही हजार, मग ती कुणीही वाजवलेली असो किंवा नसो. मॅकटेलच्या नावाचे वेगळे पैसे आज कुणी जाणता ग्राहक देणार नाही, कारण तुमच्याकडे अजून फक्त एक वाक्य आहे. जबाब आणि वडिलांच्या नोकरीचा पुरावा मिळाला तर थोडी भर पडेल. फोटो जुळला तर दुरुस्तीवाल्याचं नाही, लिलावगृहाचं काम. तोवर विमाही गिटारीच्या किमतीचा उतरवा, गोष्टीच्या नाही.

मला हे फोटो पाठवा: हेडस्टॉक पुढून आणि मागून, टेलपीस, ब्रिज बाजूने, फिंगरबोर्डावर उभी पट्टी ठेवून ब्रिजच्या दिशेने, आणि आतली प्रत्येक आडवी पट्टी, दिवा तिरका धरून. ते आठवडाभराने आले तरी चालतील. आजोबा मुलीकडे जायच्या आत मात्र त्यांच्याकडे जाऊन या, आणि फोन रेकॉर्डिंगला लावायच्या आधी त्यांना विचारा.